मुख्याध्यापकाची खुर्ची आणि आपली मुले

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)

 

समितीने मला शिक्षण या विषयावर बोलायला सांगितले. शिक्षणावर आपण प्रत्येक जयंतीला बोलतो. बाबासाहेबांनी दिलेल्या तीन मंत्रांपैकी पहिला 'शिका' हा आपल्या पोरांना पाळण्यातच पाठ होतो. पण मूल शिकत नाही तेव्हा आपण काय करतो? पहिल्यांदा पोराला दोष देतो, "डोकंच चालत नाही याचं." मग आईला दोष देतो, "तुझं लक्ष नाही." फारच झाले तर वर्गशिक्षकाला नावे ठेवतो. पण शाळेत एक खुर्ची अशी आहे, की तिच्याकडे आपण बोट दाखवत नाही आणि तिच्याशी बोलतही नाही. ती मुख्याध्यापकाची खुर्ची. दाखल्यावर सही पाहिजे तेव्हाच आपल्याला तिची आठवण होते.

आज मला एवढेच सांगायचे आहे, की त्या खुर्चीवरचा माणूस शाळा कशी चालवतो, त्यावर आपल्या मुलांचे शिकणे फार अवलंबून आहे. आणि तो ती कशी चालवतो, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला कायद्याने दिलेला आहे.

विषयाची सुरुवात बाबासाहेबांपासूनच करतो. १९२७ साली मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर चर्चा चालू होती. बाबासाहेब त्या वर्षी नुकतेच सभासद झाले होते. त्यांनी सरकारपुढे हिशेब मांडला, की प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त १८ मुले चौथीपर्यंत पोहोचतात; बाकीची ८२ पुन्हा निरक्षर होतात. शाळेत आलेले मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, नाहीतर त्या पैशाचा उपयोग काय, असा त्यांचा रोख होता.

आज जवळजवळ शंभर वर्षे झाली. आता आपली पोरे चौथीपर्यंत जातात, आठवीपर्यंतही जातात. शाळेत नाव नाही असे मूल आपल्या वस्तीत शोधावे लागेल. पण 'असर' नावाची पाहणी खेडोपाडी घरोघर जाऊन मुलांना वाचायला लावते. तिचा २०२४ चा अहवाल सांगतो, की ग्रामीण भारतात पाचवीच्या निम्म्याहून थोड्या अधिक मुलांना दुसरीच्या पुस्तकातला धडा वाचता येत नाही. शहरातल्या वस्त्या त्या पाहणीत नाहीत. पण आपल्या घरातल्या पाचवीच्या पोराला आज रात्री दुसरीचे पुस्तक वाचायला देऊन बघा, म्हणजे तुमच्या घराचा अहवाल तुम्हालाच मिळेल. पूर्वी मूल शाळेबाहेर राहून निरक्षर राहत होते. आता ते वर्गात बसून, हजेरी लावून, खिचडी खाऊन निरक्षर राहू शकते. हे जास्त धोक्याचे आहे, कारण ते कुणाला दिसत नाही.

मग हे कोणाला दिसले पाहिजे? वर्गशिक्षकाला तर दिसलेच पाहिजे. पण वर्गशिक्षकाच्या लक्षात आले की नाही, हे बघणारा कोण? तोच मुख्याध्यापक.

मित्रहो, मुख्याध्यापक किती तऱ्हेचे असतात? १९३९ साली अमेरिकेत आयोवा विद्यापीठात कुर्ट लेविन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छोटे गट केले आणि त्यांना मुखवटे वगैरे बनवण्याचे काम दिले. गटांना तीन तऱ्हेचे प्रमुख दिले. पहिला हुकूमशहा, काय करायचे, कुणी कुणाबरोबर करायचे, सगळे तोच ठरवणार. दुसरा लोकशाहीवाला, मुलांशी बोलून ठरवणार आणि सोबत राहणार. तिसरा सगळे मुलांवर सोडून बाजूला बसणार.

निकाल ऐकण्यासारखा आहे. हुकूमशहासमोर मुलांनी काम भरपूर केले, पण तो खोलीबाहेर गेला की काम पडले. लोकशाहीवाला बाहेर गेला तरी त्याची मुले कामच करत राहिली. तिसऱ्याच्या गटात काम सर्वांत कमी आणि तेही कच्चे. आणखी एक गोष्ट दिसली, ती आपण लक्षात ठेवावी. हुकूमशहाच्या गटात मुलांच्या मनात जी चीड साठायची, ती प्रमुखावर निघत नसे. ती गटातल्याच एखाद्या मुलावर निघे. आता आपल्या देशातल्या वर्गात ते मूल कोणाचे असते, हे मी या विहारात उभा राहून सांगायची गरज नाही.

ह्या तीन तऱ्हांना मी आपल्या भाषेत नावे देतो. पहिला छडीवाला, दुसरा सोबतवाला, तिसरा सहीवाला.

मी गिरणीतला माणूस आहे, म्हणून गिरणीतला दाखला देतो. रिंग खात्यात तार तुटते. ती तुटायचीच. एक जॉबर असा असतो, की तो पाळीच्या शेवटी येतो आणि माल किती निघाला ते विचारतो. कमी निघाला तर शिव्या देतो. दुसरा जॉबर साच्यांच्या मधून फिरत असतो. कोणत्या साच्यावर तार सारखी तुटते ते बघतो, बिघाड काय आहे ते शोधतो, नव्या बदली कामगाराला तार जोडायला शिकवतो. पहिल्या जॉबरला आकडा कळतो. दुसऱ्याला कारण कळते. शाळेचेही असेच आहे. वर्षाच्या शेवटी निकालाचा आकडा मागणारा मुख्याध्यापक वेगळा, आणि जून महिन्यातच कोणत्या मुलाची तार कुठे तुटली ते बघणारा वेगळा.

आपल्या परिसरातल्याच एका शाळेत मी दोन्ही तऱ्हा पाहिल्या. शाळेचे नाव घेत नाही, घेण्याचे कारणही नाही. आधीचे गुरुजी शिस्तीचे म्हणून नावाजलेले. प्रार्थनेला पान हलत नसे. पालक खूष, कारण शाळा शांत. पण शांत शाळेत मुले शिकतातच असे नाही. घाबरलेले मूलही शांत असते. ज्याला वाचता येत नाही ते मूल मागे बसून तोंड हलवत होते आणि सगळ्यांच्या आवाजात त्याचा आवाज लपत होता. त्याच्यावर हातात झाडू देण्याची पाळी मात्र नेमाने येत होती.

त्यांच्यानंतर एक बाई मुख्याध्यापिका म्हणून आल्या. इमारत तीच, फळे तेच, शिक्षक तेच, मुले तीच. बाईंनी पहिल्या महिन्यात प्रत्येक मुलाला जवळ बसवून एक परिच्छेद वाचून घेतला. ज्यांना येत नाही त्यांची यादी केली, पण ती भिंतीवर लावली नाही. सकाळचा पहिला अर्धा तास सगळ्या शाळेत फक्त वाचन ठेवले आणि त्या वेळी स्वतः एका गटाला घेऊन बसू लागल्या. शनिवारी शाळा सुटल्यावर शिक्षक एकत्र बसत आणि कोणाचे कुठे अडले ते बोलत. झाडण्याची पाळी सगळ्या मुलांना लावली, शिक्षकांच्या मुलांनाही. पालकसभा संध्याकाळी ठेवली, म्हणजे मजुरी बुडणार नाही. वर्षभरात मागच्या बाकावरची पोरे मोठ्याने वाचू लागली. चमत्कार काही झाला नाही. खुर्चीवरचे माणूस उठून वर्गात गेले, एवढेच झाले.

ह्या गोष्टीला अभ्यासकांचा आधारही आहे. अमेरिका-कॅनडातले अभ्यासक लेथवुड आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ साली असे मांडले, की शाळेच्या हातात ज्या ज्या गोष्टी आहेत, त्यांत मुलांच्या शिकण्यावर सर्वांत मोठा परिणाम वर्गातल्या शिकवण्याचा होतो आणि त्याच्या खालोखाल शाळेच्या नेतृत्वाचा. २००८ साली न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक संशोधने एकत्र करून तपासली. उत्साह देणारी भाषणे आणि मोठी स्वप्ने दाखवणारे नेतृत्व यापेक्षा, शिकवण्याकडे थेट लक्ष देणाऱ्या नेतृत्वाचा परिणाम तिप्पट ते चौपट दिसला. त्यातही सर्वांत जास्त परिणाम कशाचा? जो प्रमुख शिक्षकांच्या शिकण्याची व्यवस्था करतो आणि स्वतःही त्यांच्याबरोबर शिकायला बसतो, त्याचा.

म्हणजे मुख्याध्यापक प्रत्येक मुलाला स्वतः शिकवू शकत नाही. तो शिक्षकांमधून मुलापर्यंत पोहोचतो. शिक्षकाला एकटे सोडले तर मूलही एकटे पडते.

उपासक-उपासिकांनो, हे आपल्याला परदेशी पंडितांनीच सांगायला हवे असे नाही. आपल्या धम्मपदाच्या अट्ठकथेत चूलपंथकाची कथा आहे. चूलपंथक भिक्खू झाला, पण चार महिने झाले तरी त्याला एक गाथा पाठ होईना. त्याचा थोरला भाऊ महापंथक हा त्याचा मार्गदर्शक. तो स्वतः अर्हत, ज्ञानी माणूस. पण त्याने धाकट्याला सांगितले, की तुझ्याच्याने होणार नाही, तू विहार सोडून जा. चूलपंथक रडत निघाला. तेव्हा भगवान बुद्ध त्याला भेटले. त्यांनी त्याला हाकलले नाही आणि तीच गाथा पुन्हा घोकायलाही लावली नाही. त्याच्या हातात स्वच्छ पांढरे फडके दिले आणि धूळ निघून जाण्याचा एक छोटा शब्द म्हणत ते चोळत बसायला सांगितले. चोळता चोळता फडके मळले. स्वच्छ वस्तू कशी पालटते ते चूलपंथकाने डोळ्यांनी पाहिले आणि अनित्यता त्याला उमगली. जो चार महिन्यांत एक गाथा शिकला नव्हता, तो अर्हत झाला.

आता बघा. शिष्य तोच आणि विहारही तोच. फरक होता तो प्रमुखाच्या नजरेत. महापंथकाने विचारले, "याला येत का नाही?" बुद्धांनी विचारले, "याला कसे येईल?" आपल्या प्रत्येक शाळेत चूलपंथक बसलेले आहेत, त्यांतले पुष्कळ आपल्या घरांतले आहेत. त्यांच्या शाळेच्या खुर्चीवर महापंथक आहे की बुद्धाच्या वाटेने जाणारा माणूस आहे, यावर त्यांचे आयुष्य ठरते.

महापरिनिब्बाण सुत्तात भगवान सांगतात, की तथागताच्या धम्मात आचार्याची झाकली मूठ नाही. काही राखून ठेवलेले नाही. मला वाटते, चांगल्या मुख्याध्यापकाची हीच खूण आहे. अनुदान किती आले, शिष्यवृत्तीचे अर्ज कधी भरायचे, मूल कुठे मागे आहे, हे ज्या शाळेत उघड सांगितले जाते ती उघड्या मुठीची शाळा. जिथे प्रत्येक गोष्टीला "वरून आदेश आहे", "तुम्हाला नाही कळणार" असे उत्तर मिळते, ती झाकल्या मुठीची शाळा.

आपल्या चळवळीचा इतिहासही हेच सांगतो. १८४८ साली महात्मा जोतिराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाईंनी ती चालवली. पुढे त्यांनी अस्पृश्य मुलामुलींसाठीही शाळा काढल्या. या शाळांत शिकणारी मुक्ता साळवे नावाची चौदा वर्षांची मातंग मुलगी १८५५ साली मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिते, आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून येतो. त्या निबंधात ती धर्मालाच प्रश्न विचारते. जिथे मुलांनी प्रश्न विचारणे हा उद्धटपणा मानला जातो, त्या शाळेतून मुक्ता निघत नाही. फुले दांपत्याने शाळा कशी चालवली याचा दाखला शोधायचा असेल, तर तो त्या मुलीच्या लेखणीत आहे.

दुसरा दाखला आपल्या घरचा. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, आणि १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय सुरू झाले. त्याचेच नाव पुढे मिलिंद. हे नाव का? राजा मिलिंदाने भन्ते नागसेनांना प्रश्न विचारले. नागसेनांनी अट घातली, की पंडित जसे वाद करतात तसा वाद करणार असाल तर बोलू. राजे करतात तसा नाही. राजाशी मतभेद झाला की राजा शिक्षा करतो. पंडित चूक दाखवली तर मान्य करतो. राजाने ती अट मान्य केली. बाबासाहेबांनी हे नाव आपल्या मुलांच्या कॉलेजच्या दारावर लावले, यात फार मोठा अर्थ आहे. खुर्चीवरच्या माणसाने शाळेत राजा म्हणून बसू नये, प्रश्न ऐकून घ्यावा.

त्या मिलिंदमध्ये म. भि. चिटणीस प्राचार्य होते. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलेली, घरातली पहिलीच शिकणारी पोरे त्यांच्या हाताखाली होती. प्राचार्यांनी 'युगयात्रा' नावाचे नाटक लिहिले आणि १९५५ साली ते बाबासाहेबांसमोर सादर झाले. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी याच मिलिंदमध्ये प्राध्यापकी केली, आणि त्यांच्या 'अस्मितादर्श'ने पुढे दलित साहित्याला हक्काचे पान दिले. ज्यांच्या बापजाद्यांना अक्षराची बंदी होती, ती पिढी लिहू लागली. पोरे गरीब होती, सोयी थोड्या होत्या. पण प्रमुखाने त्यांच्याकडे 'कमी डोक्याची' म्हणून पाहिले नाही.

आता काही माता-भगिनी मनात म्हणत असतील, "छडीशिवाय पोरं ऐकत नाहीत." मार खाऊन मूल ऐकते, ते फक्त मारणारा समोर असेपर्यंत, आयोवाच्या प्रयोगात तेच दिसले. शिवाय शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मारणे आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले आहेत. "ढ", "तुमच्या लोकांत असंच" असे बोलणे हासुद्धा छळच आहे.

काही जण म्हणतील, "आम्ही पोटाला चिमटा घेऊन इंग्रजी शाळेत घालू." घाला, तुमचा हक्क आहे. पण टाय आणि बूट बघून शाळा निवडू नका. तिथे खुर्चीवर कोण आहे आणि ते वर्गात जाते का, ते बघा. महाग शाळेतही छडीवाला आणि सहीवाला असतो.

आणि मुख्याध्यापकांवर अन्यायही करू नये. आज त्यांच्या डोक्यावर माहिती भरण्याची, पोषण आहाराच्या हिशेबाची, निवडणुकीच्या कामाची ओझी आहेत. पुष्कळ शाळांत तेच स्वतः एक-दोन वर्गही शिकवतात. ज्याला वर्गात जायचे आहे पण कागद सोडत नाहीत, असा सहीवाला मनाने सहीवाला नसतो. त्याच्यामागे पालकांनी उभे राहिले पाहिजे. शिक्षक कमी असतील तर अर्ज त्याच्या एकट्याच्या सहीने जाण्यापेक्षा पन्नास पालकांच्या सह्यांनी गेलेला बरा.

यासाठी कायद्याने वाट दिली आहे. शिक्षणहक्क कायदा २००९ सालचा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात, आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. शाळेचे काम कसे चालले आहे ते बघणे, शाळेचा विकास आराखडा करणे, अनुदान कसे खर्च होते यावर लक्ष ठेवणे, ही तिची कामे आहेत. २४ व्या कलमाप्रमाणे शिक्षकाने वेळेवर यायचे आहे, प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवायचे आहे आणि पालकांना मुलाची प्रगती सांगायची आहे.

पण प्रत्यक्षात काय होते? पुष्कळ ठिकाणी समिती कागदावर असते. वही घरी येते, "इथं सही करा ताई" म्हणतात, आणि आपली बहीण सही करून देते. सहीवाला मुख्याध्यापक आणि सहीवाले पालक, अशी जोडी जमली की पोराचे काय होणार?

म्हणून माझी विनंती अशी. समितीची पुढची निवड होईल तेव्हा या वस्तीतल्या किमान दोन-तीन माताभगिनींनी नावे द्यावीत. शिक्षण किती झाले हे विचारू नका. जिला आपल्या लेकराची काळजी आहे ती पात्र आहे. सभेत भांडायला जाऊ नका. चार प्रश्न विचारा. आमच्या वर्गात किती मुलांना वाचता येत नाही? त्यांच्यासाठी काय करता? मुख्याध्यापक आठवड्यातून किती वेळा वर्गात येतात? आणि आम्ही घरून, विहारातून कोणती मदत करू? चौथा प्रश्न विसरू नका, कारण त्या प्रश्नाने मुख्याध्यापकाला कळते, की समोरचा माणूस वैरी नाही.

भगवान बुद्धांनी वज्जींच्या बाबतीत सांगितले, की ते वारंवार एकत्र जमतात, एकोप्याने बसतात, एकोप्याने उठतात, तोवर त्यांची वाढच होईल. शाळेलाही हा नियम लागू आहे आणि विहारालाही.

विहाराच्या बाबतीत एक सूचना करून थांबतो. आपले हे सभागृह वंदना संपल्यावर रोज संध्याकाळी कुलूपबंद असते. ते सात ते साडेआठ मुलांच्या वाचनासाठी उघडे ठेवावे. ज्या मुलांना वाचता येते त्यांनी न येणाऱ्यांना जवळ घेऊन बसावे. आपल्यातले कॉलेजला जाणारे तरुण आठवड्यातून एकेक दिवस वाटून घेतील. आणि या उपक्रमाच्या पहिल्या दिवशी शाळेच्या मुख्याध्यापकांना आपण बोलवू या, हार घालायला नव्हे, मुलांबरोबर सतरंजीवर बसायला. जे आनंदाने येऊन बसतील, त्यांच्या शाळेला आपण सर्व ताकद देऊ. जे येणार नाहीत, त्यांच्याकडे समितीच्या सभेत आपण जाऊ.



भवतु सब्ब मंगलं. जयभीम!